झोपेचा हमीभाव

(तालुक्याच्या वाचनालयातल्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, आधी एक हिशेब करू. सुती टी-शर्टाला साधारण दोनशे ग्रॅम रुई लागते. क्विंटलभर कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे एका टी-शर्टामागे सहाशे ग्रॅमच्या आसपास कापूस धरा. २०२५-२६ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,७१० रुपये. त्या भावाने या कापसाचे होतात शेहेचाळीस रुपये. त्यात बियाणं, फवारणी, डवरणी, वेचाई, सगळं आलं. हाच टी-शर्ट दिवाळीच्या सेलमध्ये १९९ ला येतो आणि वर 'आणखी एक घेतला तर निम्म्यात' असंही लिहिलेलं असतं. ही निम्मी किंमत कुणाच्या खिशातून गेली, हे आपल्या भागात कुणाला शिकवायला नको. आपण कापूस घेऊन वजनकाट्यावर उभे राहिलेली माणसं आहोत.

आता विमानाकडे येतो, कारण स्वस्त तिकिटाची किंमतही अशीच कुणीतरी मोजत असतो: पायलट, आपल्या झोपेने. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हापासून हा विषय आपल्या वावरापर्यंत आला आहे. मी नागपुरात एका खासगी चार्टर कंपनीत ऑपरेशन्सला होतो. उद्योगपती, बिल्डर, पुढारी यांना छोट्या जेटने न्यायचं-आणायचं, आणि कोणता पायलट कधी लावायचा, हे आमचं काम.

लोकांना वाटतं, सेठजींचं विमान म्हणजे पायलटचे लाड. तर ऐका. सेठ सकाळी सहाला बसणार, म्हणून पायलट साडेतीनला उठतो. सातला रायपूर. सेठ सांगून जातात, दोन तासांत निघू. मग बैठक लांबते. मग जेवण. मग कुणाच्या तरी घरी साखरपुडा निघतो. पायलट विमानतळावरच्या सोफ्यावर बूट घालून आडवा पडलेला असतो, कारण बूट काढले की हमखास फोन येतो. मधल्या वेळात त्याने सेठच्या बॅगा उतरवलेल्या असतात, खाण्याचे डबे मागवलेले असतात, मागच्या सीटवर सांडलेला चहा पुसलेला असतो. रात्री साडेआठला मेसेज येतो, 'निघालो'. वहीत उड्डाण दोन तासांचं, जागरण अठरा तासांचं. आणि परतीला नागपूरवर वीज चमकत असेल, तर 'आज थांबू' असं मालकाला सांगायचं कुणी? ज्याचा पगार तोच मालक देतो, त्याने.

अमेरिकेत तर याहून गंमत आहे. कंपनीने स्वतःच्याच कामासाठी स्वतःचं विमान ठेवलं, तर प्रवासी विमान कंपन्यांना असलेली ड्यूटीच्या तासांची मर्यादा त्या पायलटला लागू होत नाही. स्वस्त मालाचं सगळ्यात मोठं दुकान चालवणाऱ्या वॉलमार्टचा ताफा असा स्वतःचाच. सॅम वॉल्टनने १९६२ मध्ये आर्कान्सात रॉजर्स गावी पहिलं दुकान काढलं. तो स्वतः छोटं विमान चालवायचा आणि वरून रस्ते, वस्ती बघून दुकानाची जागा हेरायचा. आडगावात स्वस्त विकायचं, हा त्याचा धंदा. २०१८ मध्ये याच कंपनीने फ्लिपकार्टमधला मोठा हिस्सा विकत घेतला. तेव्हा आपल्या गल्लीत मोटारसायकलवर पिशव्या लादून येणारा पोरगा कोणाच्या साखळीत आहे, ते समजून घ्या.

स्वस्त तिकिटाचं गणितही दुकानासारखंच चालतं. विमान उडो की उभं राहो, त्याचं भाडं चालूच असतं. म्हणून ते जमिनीवर थांबू द्यायचं नाही. अर्ध्या तासात प्रवासी उतरवा, चढवा, पुन्हा वर. रात्री दोनला, पहाटे चारलाही उडवा. त्या वेळचं तिकीट बरेचदा स्वस्त असतं आणि आपण ते हौसेने घेतो. पण पहाटे दोन ते सहा ही शरीराची सगळ्यात कमजोर वेळ. आपण रात्री ओलिताला जातो, तेव्हा तीन-चारच्या सुमारास बांधावर कसं होतं, ते आठवा.

२२ मे २०१० ला दुबईहून आलेलं विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळुरूला धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगवर कॅप्टनचं घोरणं दीड तासाहून जास्त वेळ ऐकू येत होतं. उतरण्याच्या थोडं आधी तो जागा झाला, तो अर्धवट गुंगीतच. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घ्यायला सांगितलं, एकदा नाही, तीनदा. तो कॅप्टन नुकताच सुट्टीवरून आलेला होता, म्हणजे कागदावर विश्रांती पुरेशी होती. झोप कागदावर मोजता येत नाही, ती रात्रीच घ्यावी लागते.

आणि नागपूर. १७ ऑगस्ट २०२३ ला आपल्या विमानतळावर पुण्याच्या विमानाकडे निघालेला चाळिशीतला पायलट बोर्डिंग गेटपाशीच कोसळला आणि गेला. थकव्यानेच गेला, असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी आमच्या ऑफिसात कुणी फारसं बोललं नाही, एवढं खरं.

जानेवारी २०२४ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने पायलटच्या ड्यूटी-विश्रांतीचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्रीच्या ड्यूटीतली लँडिंग ६ वरून २. रात्र पहाटे पाचपर्यंत नव्हे, सहापर्यंत मोजायची. माझ्या मते हा झोपेचा हमीभाव होता: बाजार कितीही पडला तरी याच्या खाली घेता येणार नाही. कंपन्यांनी ओरड केली, नियम लांबले, दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेलं, आणि शेवटी १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. डिसेंबरात काय झालं, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. इंडिगोकडे नव्या नियमांपुरते पायलट नव्हते. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. मग सरकारने त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली.

हे वाचलं तेव्हा मला ऑगस्ट आठवला. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ ला उठवलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबर अखेरपर्यंत. नेमका आपला पहिल्या वेचाईचा माल बाजारात येतो त्याच दिवसांत. गिरण्यांना माल स्वस्त हवा, प्रवाशांना विमान वेळेवर हवं. दोन्ही मागण्या खोट्या नाहीत. पण अडचण आली की हात आधी खालच्या फळीलाच लागतो, हे माझं म्हणणं.

मग सेलमध्ये घ्यायचंच नाही का? असं मी म्हणणार नाही. पोराचं शाळेचं दप्तर स्वस्तात मिळालं तर ज्याच्या घरी ओढ आहे त्याने घ्यावंच, त्याला नीतीचे डोस पाजणं मला पटत नाही. ज्याला दोनशे-चारशेने फरक पडत नाही, त्याने मात्र भाव कसा पडला, एवढं तरी विचारावं. ते करणारे मला शहरात कमी भेटले, आणि मॉलमध्ये तर नाहीच.

मागून एका काकांनी विचारलं, "त्याले लाखानं पगार भेटते, त्याच्या झोपेची फिकीर आमी कायले करा?" रास्त प्रश्न आहे. पण पायलटच्या परवान्याला दोनशे तास उड्डाण लागतं आणि खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. गोंदियाजवळ बिरसीला मुलं विमान चालवायला शिकतात, त्यांतल्या काहींच्या बापांनी वावर गहाण टाकलेलं मी पाहिलं आहे. 'मी थकलोय, आज उडणार नाही' असं म्हणायचा हक्क नियमात पायलटला आहे. पण डोक्यावर हप्ता असलेला नवा पोरगा ते म्हणत नाही. कर्जातला कास्तकार भाव वाढायची वाट न बघता दिवाळीआधीच गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला कापूस देऊन टाकतो, त्याच कारणाने.

पायलट थकल्याचे किती अहवाल आले आणि त्यांवर काय केलं, हे कंपन्यांनी दर तीन महिन्यांनी महासंचालनालयाला कळवायचं आहे, हे त्याच २०२४ च्या नियमांत आहे. ते आकडे कंपनीनिहाय जनतेसमोर यावेत, एवढी मागणी आपल्या खासदारांकडे लेखी द्या. निवडणुकीत ते हेलिकॉप्टरने येतीलच. निवेदन दिलं की मैदानाच्या कडेला जाऊन पायलट सकाळपासून जेवला का, तेही विचारा.