डब्यातली चिठ्ठी

(दृश्य: ओटा. चार कप्प्यांचा स्टीलचा डबा, शेजारी परातीत पोळ्या.)

निवेदन: आमटी तळाच्या कप्प्यात. जड असते, आणि सांडलीच तरी खाली दुसरं काही नसतं. तिच्यावर भात, मग भाजी. पोळ्या सगळ्यात वर. गरम पोळी तशीच झाकली की झाकणाला घाम सुटतो, म्हणून आधी परातीत निववून घ्यायची. चिठ्ठी घालायची तर याच कप्प्यात, पोळीच्या घडीला लागून. शाईनं लिहिलेली दुपारपर्यंत फुटते. बॉलपेन बरं.

रितेश बत्रांच्या ‘द लंचबॉक्स’मधली इला अशीच चिठ्ठी घालते. सिनेमा २०१३ चा. नवऱ्याचा डबा रोज चुकून साजन फर्नांडिसच्या टेबलावर जातो. हा विधुर, एका कचेरीत दाव्यांचे हिशेब बघणारा, निवृत्तीला आलेला. त्याचं पहिलं उत्तर काय, तर आज मीठ जास्त होतं. दुसऱ्या दिवशी इला मिरचीनं फेड करते, तो केळ्यांवर निभावतो. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू दिसत नाहीत, नुसता भारती आचरेकरांचा आवाज आणि दोरीनं खाली येणारी टोपली.

(दृश्य: सकाळ. सायकल, हँडलला लटकलेले डबे.)

बत्रांना खरं तर डबेवाल्यांवर माहितीपट करायचा होता. सिनेमा बघताना ते कळतं.

नऊ-साडेनऊला दार वाजतं. डबा तयार नसेल तर डबेवाला फार थांबत नाही; एका घरी पाच मिनिटं गेली तर मागच्या सगळ्या घरांची लोकल चुकते.

(दृश्य: स्टेशनबाहेरचा फूटपाथ, डब्यांची मांडामांड. झाकणावरची खूण, जवळून.)

एक खूण वाचून बघू. ई, व्हीएलपी, ३, ९ ईएक्स १२. व्हीएलपी म्हणजे विलेपार्ले, डबा निघाला ते स्टेशन. ई म्हणजे तिथं घरून उचलणारा. मधला ठसठशीत ३ म्हणजे उतरायचं ठिकाण. ९ म्हणजे तिकडे पोचवणारा. ईएक्स ही इमारत, एक्स्प्रेस टॉवर्स, आणि १२ मजला. गिऱ्हाइकाचं नाव कुठंच नाही.

लाकडी क्रेटमध्ये चाळीसेक डबे बसतात. भरलं की साठ किलोच्या वर जातं. लगेजच्या डब्यातून उतरवायचं, तेही गाडी थांबते तेवढ्यात.

चुकतं कुठं? घासणीनं रंग उडतो. गळणारा डबा बदलून घरातून नवा कोरा दिला जातो, खूण जुन्यावरच राहते. पावसात खडूचं पुसतं. किंवा नेहमीचा माणूस गावी गेलेला असतो आणि बदली माणसाला ३ चा ८ दिसतो. पण अशी चूक बहुतेक दुसऱ्या दिवशी सुधारते.

सिनेमातली सुधारत नाही, म्हणून कित्येकांना ती खोटी वाटते. आम्हाला नाही वाटत. साजनचाही डबा लावलेला आहे, खानावळीतून. या दोन डब्यांच्या खुणा एकदा अदलाबदल झाल्या की पुढं प्रत्येक हात आपलं काम चोखच करणार आणि डबा रोज न चुकता चुकीच्याच टेबलावर जाणार. साखळीत पत्ता कुणी वाचत नाही. सगळे खूण वाचतात.

(दृश्य: दुपार. रिकामे डबे परत गोळा होताना.)

जेवणं उरकली की उलटी फेरी. क्रेट हलकं, घाई कमी. साजनची उत्तरं या फेरीनं जातात. रिकामा डबा घरी पोचायला चार-पाच वाजतात, आणि तो घासायला टाकायच्या आधी आतून बघावा. तळाला आमटी राहिली असेल तर कागद तिथंच चिकटतो.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली, डबेही थांबले. मावळ, जुन्नर, खेडकडे आपापल्या गावी गेलेले डबेवाले सगळे परत आले नाहीत.

(दृश्य: संध्याकाळ. लगेजचा डबा, टाळ, ज्ञानोबा-तुकारामाचा गजर. इथे निवेदन नाही.)