पाठ असलेला नंबर

श्रोतेहो, नमस्कार.

हातात मोबाईल असेल तर जरा बाजूला ठेवा आणि घरातल्या माणसांचे नंबर मनातल्या मनात म्हणून बघा. नवऱ्याचा किंवा बायकोचा. मुलाचा. ज्या शेजाऱ्यांकडे आपल्या घराची किल्ली असते, त्यांचा.

मला ते येत नव्हते. आणि मी तर टेलिफोनमध्ये नोकरी केलेली बाई. १९७ फिरवलं की पलीकडून नंबर सांगणाऱ्या ज्या मुली असायच्या, त्यांतली मी एक. केईएमचा, सायन हॉस्पिटलचा, फायर ब्रिगेडचा नंबर डिरेक्टरी न उघडता तोंडावर असायचा. २००२ साली मुंबईतले सात आकडी नंबर आठ आकडी झाले, सगळ्यांच्या आधी २ लागला, तेही आठवड्याभरात अंगवळणी पडलं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळची वेळ, कुर्ला स्टेशन, पुलावर पाय ठेवायला जागा नाही. खाली उतरले आणि पर्सची चेन उघडी दिसली. फोन गेला होता. चहाच्या स्टॉलवरच्या मुलाने लगेच स्वतःचा फोन पुढे केला. "मावशी, नंबर सांगा, मी लावतो."

मला सांगता येईना. अठ्ठ्याण्णव वीस... आणि पुढे अंधार. माझ्या नवऱ्याचा नंबर! दिवसातून चार वेळा मी त्यांना फोन करते. पण मी नंबर लावतच नव्हते, त्यांच्या नावावर बोट ठेवत होते. तो मुलगा फोन धरून थांबला होता, मागे गिऱ्हाईकं खोळंबली होती, आणि मला आठवत होता फक्त एक नंबर. लालबागच्या आमच्या चाळीतल्या, तळमजल्यावरच्या काकूंचा. आमचा पी. पी. नंबर, म्हणजे निरोपासाठी द्यायचा शेजाऱ्यांचा नंबर. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, सगळीकडे आम्ही तोच द्यायचो. निरोप आला की काकू जिन्याखालून हाक मारायच्या. आता ती चाळ नाही, काकू नाहीत, तो फोनही नाही. नंबर मात्र लख्ख आठवत होता.

माझं परतीचं तिकीटही त्या मोबाईलमध्येच होतं. पर्समध्ये सुट्टे पैसे होते म्हणून खिडकीवर रांग लावून कागदी तिकीट काढलं आणि घर गाठलं. पण खरा त्रास दुसऱ्या दिवशी सुरू झाला. बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर, गॅसचं बुकिंग त्याच नंबरावर. नवीन सिम मिळालं, तर त्यावर पहिले चोवीस तास एसएमएस येत नाहीत. चोराने आपल्या नावाचं सिम काढून खातं रिकामं करू नये, म्हणून हा नियम आहे. नियम योग्यच आहे. पण ते चोवीस तास आपण आपल्याच पैशांच्या दाराबाहेर उभे असतो.

मोबाईल नको, असं मी म्हणणार नाही. ३१ जुलै १९९५ला देशातला पहिला मोबाईल कॉल कोलकात्याहून दिल्लीला लागला, तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. आज आमची भाजीवाली त्याच यंत्रावर दिवसाचा हिशोब ठेवते. मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मोबाईल लागेनासे झाले. त्या रात्री कमरेएवढ्या पाण्यातून चालत आलेली माणसं आमच्या दारात थांबत होती. आमचा लँडलाईन सुरू होता. ओल्या हातांनी रिसीव्हर धरून प्रत्येक जण घरचा नंबर धडाधड सांगत होता आणि मी फिरवत होते. एकालाही डायरी काढावी लागली नाही. आज तशी रात्र आली, तर कुर्ल्याला माझं झालं तेच त्यातल्या कितीजणांचं होईल?

म्हणून एवढं आजच करा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख क्रमांक, दिसेल. तो कागदावर लिहून घरात ठेवा. फोन हरवला तर पोलिसात तक्रार करून त्याची प्रत घ्या, म्हणजे सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून तो हँडसेट बंद करता येतो. माझ्याकडे तो नंबर लिहिलेला नव्हता. खोक्यावर छापलेला असतो, पण खोकं कधीच रद्दीत गेलं होतं. आणि पर्समध्ये शंभराच्या दोन नोटा व घरच्या नंबरांची चिठ्ठी असू द्या. त्या चिठ्ठीला चार्जिंग लागत नाही.

आमच्या कपाटाच्या दाराला आतून आता एक पुठ्ठा चिकटवलाय. त्यावर मार्करने पाच नंबर लिहिलेत. माझी नात दुसरीत आहे. शुभंकरोति झालं, पाढे झाले, की ती त्या पुठ्ठ्याकडे पाठ करून उभी राहते आणि एकेक नंबर म्हणते. आईचा येतो, बाबांचा येतो, माझाही येतो. आजोबांच्या नंबरात अजून सात आणि नऊची अदलाबदल होते. मग आम्ही दोघी तो पुन्हा पहिल्यापासून म्हणतो.