मेलेलं वटवाघूळ आणि आजीचा प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या सिनेमाबद्दल बोलणार आहे, त्याचं नाव ‘योर’. साल १९८३. इटलीचा सिनेमा, चित्रीकरण तुर्कस्तानात आणि गाठीला पैसे बेताचेच. गोष्ट मूळची आर्जेंटिनातल्या ‘हेंगा’ या चित्रकथेतली. लेखक रे कॉलिन्स, चित्रकार हुआन झानोत्तो. दिग्दर्शक होते आन्तोनिओ मार्गेरीती, पण पडद्यावर नाव येतं अँथनी एम. डॉसन. परदेशात माल खपवायचा तर नाव इंग्रजी वळणाचं हवं, हा तेव्हाच्या इटालियन सिनेधंद्यातला सर्रास रिवाज.

सुरुवातीलाच योर डोंगरातून धावत येतो. कमरेला कातडं, हातात दगडी कुऱ्हाड, सोनेरी केस वाऱ्यावर, आणि मागे त्याच्याच नावाचं गाणं. नट रेब ब्राउन. कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळलेला गडी. १९७९ मध्ये टीव्हीवर कॅप्टन अमेरिकाही झाला होता. शरीर पाहत राहावं असं. तरी माझं आपलं मत सांगतो, पटलं तर घ्या: आपल्या दारासिंगांची सर नाही. बाबूभाई मिस्त्रींच्या १९६२ सालच्या ‘किंग काँग’मध्ये दारासिंग उभे राहिले की हा माणूस खरोखरच कुस्त्या मारून आलाय हे कळायचं. असो. योरकडे वळू.

योर एका अजस्र प्राण्याला कुऱ्हाडीने मारतो. प्राणी कुठला, ते विचारू नका; दोन-तीन डायनोसॉर एकत्र शिवल्यासारखा दिसतो. त्यातून का-ला नावाची तरुणी आणि तिचा वयस्क सोबती पॅग वाचतात. गावात मेजवानी होते. आणि मेजवानी रंगात आली की केसाळ गुहावासी धाड घालतात आणि का-लाला उचलून नेतात. इथून पुढचं नीट ऐका, कारण खरं तर एवढंच सांगायला मी आज आलोय.

आमच्या चाळीत तेव्हा व्हीसीआर भाड्याने यायचा. एका रात्रीचं भाडं वसूल झालं पाहिजे म्हणून मिळतील तेवढ्या कॅसेटी लागोपाठ बघायच्या. पहिली कॅसेट देवाची, ती म्हाताऱ्या मंडळींसाठी. ती संपली की मंडळी झोपायला जायची आणि मग आमचं राज्य. त्या रात्री देवाची कॅसेट संपली तरी आजी काही उठली नाही. वाती वळत बसून राहिली. आम्ही ‘योर’ लावला.

तर का-ला गुहेत आणि योर बाहेर उंच कड्यावर. आत जायचं कसं? तेवढ्यात आभाळात एक वटवाघूळ येतं. वडावर लटकतं तेवढं नव्हे हो, होडीएवढं! योर धनुष्य उचलतो, बाण सोडतो. वाघूळ खाली येतं, मेलं. आम्हाला वाटलं, संपला विषय. पण नाही. पुढच्या दृश्यात योर तेच मेलेलं वाघूळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरतो आणि कड्यावरून उडी मारतो. तरंगत तरंगत गुहेच्या तोंडातून थेट आत! वाटेतल्या एकाला लाथही घालतो. पुन्हा सांगतो, वाघूळ मेलेलं आहे. मेलेल्या वाघळावरून माणूस उडतोय.

चाळीत जो हशा उठला! माझा मावसभाऊ तर गॅलरीत जाऊन चादर डोक्यावर धरून धावायला लागला. विज्ञान शिकवणारी आत्या म्हणाली, “अरे, वाघूळ मेलं की पंख मिटतील ना? हँग ग्लायडरला दहा मीटरचे ताठ पंख लागतात, दांड्या लागतात!” तिचं बरोबरच होतं. वाघळाचा पंख म्हणजे लांब बोटांवर ताणलेली कातडी. ताणणारं कुणी नसेल तर ती लोंबणारच.

आजी मात्र हसली नाही. वात वळता वळता म्हणाली, “तो गेला आत, ते ठीक. पण दोघं परत यायची कशी? ते एकाचंच वाहन दिसतंय.”

सगळे गप्प. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि योरच्याही आलेलं नसावं, कारण आत गेल्यावर पठ्ठ्या काय करतो? गुहेत पाणी सोडून मोकळा होतो. सगळी गुहा बुडते. आजी म्हणाली, “बघा, घरात शिरायच्या आधी दार कुठंय ते बघावं माणसानं.” आणि मग शेवटपर्यंत सिनेमा बघितला तिनं.

मला विचाराल तर या उडीसाठी मी सगळा सिनेमा माफ करतो. हल्ली नायकाला लहानपणीचं दुःख दाखवल्याशिवाय साधा ठोसा मारता येत नाही. योरला सुचलं, योरने केलं.

पुढचं भराभर सांगतो. योरच्या गळ्यात एक पदक आहे, त्यावरून तो स्वतःचं मूळ शोधत निघतो. आणि अश्मयुग चाललंय म्हणता म्हणता किरणांच्या बंदुका येतात, यंत्रमानव येतात! काळ भूतकाळाचा नाहीच, अणुयुद्धानंतरचा आहे. कारण सरळ आहे: १९७७ मध्ये अंतराळातला ‘स्टार वॉर्स’ चालला, १९८२ मध्ये तलवारवाल्या रानटी वीराचा ‘कोनन’ चालला, मग एकाच तिकिटात दोन्ही द्या. पैसे वाचवले ते तुर्कस्तानातल्या कप्पादोकियाने. ज्वालामुखीच्या राखेच्या मऊ खडकात वाऱ्यापावसाने कोरलेले सुळके, त्यात माणसांनी खोदलेली घरं. असा सेट उभारायला सुतार लागत नाही. उरलेलं मार्गेरीतींनी छोट्या प्रतिकृतींवर भागवलं, त्यात त्यांचा हात बसलेला होता.

अमेरिकेत कोलंबिया कंपनीने तो त्याच वर्षी लावला. मग गोल्डन रास्पबेरी, म्हणजे वर्षातल्या वाईटात वाईट कामाला मिळणारा पुरस्कार, त्यासाठी रेब ब्राउनला सर्वांत वाईट नवोदित म्हणून नामांकन मिळालं. पण तिथेही हरला बिचारा. पुरस्कार गेला ‘हर्क्युलिस’मधल्या लू फेरिग्नोला, म्हणजे टीव्हीवरच्या हल्कला.

नमस्कार.