सेवा क्लबची सभा: वक्ता म्हणून आरोग्यसेविकेला का बोलवावे?

नमस्कार. रोटरी, लायन्स किंवा अशाच एखाद्या सेवाभावी क्लबचे आपण सदस्य असाल, तर दर वर्षी १२ मे रोजी, म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, परिचारिकांना शाल-श्रीफळ देण्याचा कार्यक्रम आपण पाहिला असेल. सत्काराला माझी हरकत नाही. परंतु त्या सभेतले मुख्य भाषण बहुधा एखाद्या नामवंत डॉक्टरांचे असते, आणि जिचा सत्कार झाला ती परिचारिका छायाचित्र काढून झाल्यावर मागच्या रांगेत जाऊन बसते. सामुदायिक आरोग्यावर सभा घ्यायची असेल, तर जवळच्या आरोग्य उपकेंद्रातील आरोग्यसेविकेलाच, म्हणजे गावपातळीवर काम करणाऱ्या परिचारिकेलाच, मुख्य वक्ता का करावे आणि तिला काय विचारावे, हे आज पाहू.

सेवा क्लब आणि परिचर्या यांची जोडी किती मोठे काम करू शकते, हे पोलिओच्या बाबतीत आपण पाहिले आहे. रोटरीने १९८५ साली ‘पोलिओप्लस’ हा कार्यक्रम सुरू केला, आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम राबवली गेली, भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. क्लबांनी निधी उभा केला, प्रचार केला, केंद्रांवर माणसे दिली. मात्र या मोहिमेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे घराच्या भिंतीवरची खडूची खूण. सर्व बालकांना डोस मिळालेल्या घरावर ‘पी’ लिहिले जाई. कुलूप असलेल्या, बाळ बाहेरगावी गेलेल्या किंवा पालकांनी नकार दिलेल्या घरावर ‘एक्स’ लिहिला जाई, आणि त्या ‘एक्स’ घरांकडे कर्मचाऱ्यांना पुन्हा जावे लागे.

आपल्या आरोग्य शिबिरांत नेमकी हीच दुसरी फेरी नसते. रविवारी सभागृहात दीडशे जणांचा रक्तदाब मोजला आणि त्यांपैकी काहींचा वाढलेला आढळला, असे समजा. एका दिवसाच्या मोजणीवर उच्च रक्तदाबाचे निदान सहसा केले जात नाही; वेगळ्या दिवशी पुन्हा मोजावे लागते, आणि निदान झालेच तर गोळ्या बहुतेकदा वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. सोमवारी मंडप निघतो, अहवालात ‘दीडशे लाभार्थी’ अशी नोंद होते, आणि ज्यांना खरी गरज होती त्यांच्या हाती चिठ्ठी तेवढी उरते.

ही साखळी पुढे नेणारी यंत्रणा गावात आधीपासून आहे. सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा शासनाचा निकष आहे. तिथली आरोग्यसेविका गरोदर मातांची नोंदणी करते, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी कोणत्या बाळाच्या राहिल्या हे नोंदवहीत पाहते, आणि आशा स्वयंसेविकेच्या मदतीने त्या बाळाच्या घरापर्यंत पोहोचते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा स्वयंसेविकेने ४२ दिवसांत सहा वेळा जाऊन वजन आणि तापमान पाहणे अपेक्षित असते. या पद्धतीचा पाया महाराष्ट्रातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून घातला गेला, आणि त्या कामाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

म्हणून सभेत आरोग्यसेविकेला सलग वीस मिनिटे द्यावीत, आणि ‘आम्ही काय दान करू?’ हा प्रश्न सुरुवातीलाच विचारू नये, कारण त्याचे उत्तर संकोचाने ‘वॉटर कूलर’ असे येण्याची शक्यता असते. कोणत्या वस्तीवर पोहोचणे अवघड जाते, आशांकडचे वजनकाटे चालू आहेत का, गेल्या शिबिरातील रुग्ण उपकेंद्रापर्यंत आले का, असे विचारावे. ती शासकीय कर्मचारी असल्याने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत रीतसर पत्र देऊन परवानगी घ्यावी. सभा रात्रीची असेल तर तिच्या जाण्यायेण्यासाठी वाहनाची व्यवस्था करावी, आणि स्वागत-परिचयात तिचा वेळ खाऊ नये.

पुढचे शिबिर तिच्या सोयीच्या तारखेला ठेवून, वाढलेला रक्तदाब आढळलेल्यांची यादी त्यांच्या संमतीने त्याच सायंकाळी तिच्याकडे किंवा उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे सोपवावी. यादी क्लबच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. ती रुग्णांची खासगी माहिती आहे. महिन्याभराने त्यांपैकी किती जण तपासणीला आले हा आकडा तिच्याकडून मागवावा, आणि जे आले नाहीत त्यांना आणण्यासाठी कोणते सदस्य गाडी घेऊन जाणार, हे पुढच्या सभेत नावांनिशी ठरवावे.