शंभर आणि चोवीस

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या सिटी स्कॅनच्या टेबलावर रोज सकाळी पहिला नंबर लागतो तो पाण्याच्या डब्याचा. प्लास्टिकचा गोल डबा, आत साधं पाणी. त्याचा स्कॅन काढायचा आणि आकडा बघायचा. मशीनने पाण्याला शून्य म्हणायला हवं, हवेला उणे हजार. शून्याच्या अलीकडे-पलीकडे चार आकडे चालतात. त्याहून जास्त सरकलं, तर मी बाहेरच्या पेशंटना थांबायला सांगते आणि इंजिनिअरला फोन लावते. कारण जे मशीन पाण्याबद्दल चुकतं, ते यकृताबद्दलही चुकणार.

या कामाला मेडिकल फिजिसिस्ट म्हणतात. स्कॅन टेक्निशियन काढतात, डॉक्टर वाचतात. मशीन खरं बोलतंय ना, आणि माणसाच्या अंगात गरजेपेक्षा जास्त किरणं जात नाहीत ना, हे आम्ही बघतो. ७ नोव्हेंबर हा मेरी क्युरींचा जन्मदिवस. तो जगभर आमच्या पेशाचा दिवस म्हणून पाळतात, म्हणून आज मला इथं बोलावलं. विषय दिलाय करिअरचा. त्यावर बोलतेच, पण आधी एक गोष्ट ऐका.

पंधरा-सोळा वर्षं झाली. श्रावणातली दुपार, बाहेर झड लागलेली. माझ्या खोलीच्या दारात सासू-सून उभ्या. सुनेच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत स्कॅनची फिल्म. सासूबाई म्हणाल्या, "किरणांच्या डॉक्टरीणबाई तुमीच का?" म्हटलं, "मावशी, मी डॉक्टर नाही, पण किरणांचं मीच बघते. बसा."

झालं होतं असं. तीन आठवड्यांपूर्वी सुनेच्या पोटात कळा आल्या. मुतखड्याचा संशय, म्हणून एका सेंटरवर पोटाचा सिटी स्कॅन केला. आधी साधा, मग औषध टोचून पुन्हा, म्हणजे दोनदा. खडा सापडला, औषधाने पडूनही गेला. पण स्कॅनच्या दिवशी तिची पाळी चार-पाच दिवस पुढे गेलेली होती. कळांच्या गडबडीत तिच्या ध्यानात आलं नाही आणि तिला कुणी विचारलंही नाही. नंतर कळलं, दिवस गेलेत. लग्नाला चार वर्षं झालेली, पहिलंच. आणि कुणीतरी सांगितलं, पोटावरून एवढी किरणं गेलीत, मूल व्यंग घेऊन येईल, खाली करून टाका. शुक्रवार ठरलाही होता. त्या माझ्याकडे आल्या तो मंगळवार. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी पाठवलं होतं, आधी किती किरणं गेली ते तरी बघू म्हणून.

सून खाली मान घालून बसलेली. सासूबाई म्हणाल्या, "मूल पायजेच हाय आमाला. पर जन्माचं दुखणं घिऊन आलं तर त्या लेकराचंच हाल. खरं काय ते सांगा."

मी म्हटलं, "आज नाही सांगत. आकडा काढते, परवा सांगते."

अंदाजाने मला सांगता आलं असतं. असा आकडा बहुतेक वेळा कमीच येतो, हे पुस्तकात आहे. पण तो पुस्तकातल्या बाईचा आकडा. हिचा किती, तो मोजायला हवा होता. बुधवारी मी आमचा फँटम घेऊन एसटीने निघाले. फँटम म्हणजे माणसाच्या पोटाच्या जागी ठेवायचा ॲक्रिलिकचा ठोकळा. ३२ सेंटिमीटर व्यास, मधे एक आणि कडेला चार भोकं, वजन चौदा किलोच्या आसपास. कंडक्टर म्हणाले, "बाई, जातं नेताय का?" आणि उचलून आत ठेवायला स्वतः हात लावला. जाता जाता सांगते, ही लाल गाडी गावोगाव चालू राहिली पाहिजे. माझ्या निम्म्या पेशंटचं औषधपाणी तिच्यावर अवलंबून आहे.

सेंटरवाल्यांनी अडवलं नाही. त्यांचे पेशंट संपल्यावर, संध्याकाळी सातला, मी फँटम टेबलावर ठेवला. तिच्या फिल्मवर छापलेले आकडे, किती किलोव्होल्ट, किती मिलिअँपिअर, तेच मशीनला घातले. पेन्सिलीएवढं मोजणी-यंत्र एकेका भोकात सरकवायचं, स्कॅन चालवायचा, वाचन लिहून घ्यायचं. मशीन पडद्यावर जो आकडा दाखवत होतं, त्यापेक्षा माझं वाचन थोडं जास्त आलं. म्हणूनच मोजायचं असतं. रात्री घरी बसून हिशेब केला. मुलगी अंगाने बारीक, त्यामुळे गर्भाशयापर्यंत किरणं जरा जास्त पोचणार, तेही धरलं. दोन्ही स्कॅन मिळून आकडा आला चोवीस मिलिग्रे. मिलिग्रे म्हणजे अंगात किती किरणं मुरली ते मोजायचं माप.

आता शंभर लक्षात ठेवा. किरणांपासूनच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग आहे. त्याने २००० साली स्पष्ट लिहिलं की गर्भाला शंभर मिलिग्रेपेक्षा कमी किरणं मिळाली असतील, तर तेवढ्या कारणाने गर्भपात करू नये. शंभर ही मर्यादा, आणि हिचे चोवीस. पुन्हा सांगते, शंभर आणि चोवीस.

गुरुवारी दोघींना आणि त्या मुलीच्या नवऱ्याला बसवून सांगितलं. किरणं न लागलेल्या शंभर बाळांतसुद्धा दोन-तीन बाळांना जन्मतः काही दोष असतो, तो कुणाला टाळता येत नाही. या चोवीसने त्यात वाढ होईल असं दिसत नाही. पुढे लहानपणी कॅन्सर होण्याची शक्यता किंचित वाढते असं मानतात, ती फार थोडी. हेही लपवलं नाही. सुनेने पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाली, "लिहून द्या." मी आकडा लिहिला, खाली सही केली. शुक्रवारी ती गेली नाही.

फाल्गुनात मुलगी झाली. पावणेतीन किलोची, धडधाकट. यंदा दहावीला आहे.

तेव्हा आयाबायांनो, पाळी चुकली असेल, चुकायची शंका असेल, तर टेबलावर झोपायच्या आधी सांगा. कुणी विचारलं नाही तरी सांगा. आणि सांगायचं राहून गेलं, तर घाबरून काही ठरवू नका, आधी आकडा काढून घ्या. सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये ही किरणं नसतातच, ते वेगळं. माझं तर म्हणणं आहे की एक्स-रेच्या दारावरची 'गरोदर असाल तर आधी सांगा' ही पाटी मराठीतही हवी, मोठ्या अक्षरांत, आणि बाईमाणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

आता करिअर. बीएस्सी फिजिक्स, एमएस्सी फिजिक्स, मग मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचा एक वर्षाचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. तो १९६२ पासून चालू आहे, मीही तोच केला. त्यानंतर इस्पितळात उमेदवारी, मग अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता. बहुतेकांची नोकरी कॅन्सरच्या इस्पितळात असते. तिथे किरणोपचाराचं काम जास्त, स्कॅनचं त्याच्या जोडीला.

सिटी स्कॅनचं गणित मांडणारे ॲलन कॉरमॅक हे केपटाऊनला विद्यापीठात फिजिक्स शिकवायचे. १९५६ मध्ये तिथल्या इस्पितळाला फिजिसिस्ट मिळेना आणि कायद्याने तर हवा होता, म्हणून ते आठवड्यातला दीड दिवस जाऊ लागले. शरीराच्या आत किरणं कुठे किती अडतात ते बाहेरून मोजून कसं काढायचं, हा प्रश्न त्यांना तिथे सुचला आणि १९७९ मध्ये त्यांना, सिटी स्कॅनचं मशीन बनवणाऱ्या हाउन्सफील्ड यांच्याबरोबर, नोबेल मिळालं. आपल्याकडे शाळेतल्या प्रयोगशाळेचं कपाट वर्षभर कुलपात असतं, भिंगं फुटतील म्हणून. फुटू देत हो! मुलांच्या हातात द्या.

आणि शेवटी एक काम सांगते. घरातले जुने स्कॅन, फिल्म, रिपोर्ट रद्दीत देऊ नका. त्या मुलीच्या पिशवीत फिल्म नसती, तर कोणते आकडे मशीनला घालायचे आणि स्कॅन किती वेळा झाला, हे मला कळलं नसतं. फिल्मची घडी घालू नका, पाकिटात सपाट ठेवा आणि पाकिटावर तारीख लिहा.

नमस्कार.