हरवलेली रिमोट चावी: घरी काय करता येते आणि स्कॅनरवाल्यासमोर काय मागावे

नमस्कार. गाडीच्या दोन चाव्यांपैकी एक हरवली आहे, बाजारातून नवी रिमोट चावी आणून ती आपणच गाडीला जोडू शकतो का, हा आजचा विषय आहे. काही गाड्यांत हे काम आपण पूर्ण करू शकतो, बऱ्याच गाड्यांत त्यातला एक भागच आपल्या हातात असतो. तुमची गाडी कोणत्या गटात पडते हे कंपनी, मॉडेल आणि सालावर अवलंबून असते. परंतु काम किती खर्चाचे आणि किती कटकटीचे होणार हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे दुसरी, चालू असलेली चावी तुमच्याजवळ आहे की नाही.

इंदूरच्या मराठी घरांत एक प्रकार मी नेहमी पाहतो. गाडी पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने घेतलेली असते, नंबर एमएच-१२ असतो, गाडी आता वडील लोकमान्य नगरात चालवतात आणि दुसरी चावी पुण्याच्या फ्लॅटमधल्या एखाद्या खणात पडून असते. अशा वेळी बाजारात जाण्याआधी ती चावी मागवून घ्यावी. तिच्यासोबत एक लहानसा धातूचा किंवा प्लास्टिकचा बिल्ला असतो, त्यावर चावीचा क्रमांक कोरलेला असतो, तोही मागवावा. काही कंपन्या गाडीसोबत सुरक्षा-कोडाचे कार्डही देत असत, उदाहरणार्थ फियाटचे कोड कार्ड. ही सगळी सामग्री आपण ग्लव्ह बॉक्समध्ये किंवा कागदपत्रांच्या पिशवीत टाकून विसरून गेलेलो असतो.

(कॅमेरा टेबलावर. उघडलेली चावी जवळून.)

आता ही उघडलेली चावी नीट पाहा. आपण हिला एक वस्तू समजतो, पण हिच्यात तीन वेगवेगळी यंत्रे एकत्र राहतात आणि त्या तिघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. पहिले हे पाते. ते दाराचे कुलूप आणि इग्निशनचा सिलिंडर फिरवते आणि त्याचे काम शुद्ध यांत्रिक आहे. दुसरे हे सर्किट, ज्याला बटणे आहेत आणि ज्याला सीआर२०३२ किंवा त्याच जातीचा तीन व्होल्टचा सेल लागतो. हे रेडिओ लहरींवरून दारे उघडण्याचा आणि बंद करण्याचा आदेश पाठवते. भारतातल्या बहुतेक गाड्यांत हे काम ४३३.९२ मेगाहर्ट्झवर होते. प्रत्येक वेळी बटण दाबले की पाठवला जाणारा आकडा बदलतो, त्यामुळे कोणी तो हवेतून पकडून तसाच पुन्हा पाठवला तरी दार उघडत नाही. तिसरी ही चिप. काही चाव्यांत ती सर्किटमध्येच बसवलेली असते, काहींत ती तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, काळी किंवा काचेची, वेगळ्या खोबणीत असते.

चिपेला सेल लागत नाही. इग्निशनच्या तोंडाभोवती तांब्याच्या तारेची एक वलयाकार अँटेना असते. चावी फिरवली की ही अँटेना साधारण १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि त्या क्षेत्रातूनच चिपेला ऊर्जा मिळते. मग गाडीचा इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चिपेशिवाय इंजिन चालू न देणारे यंत्र, चिपेला एक यादृच्छिक आकडा पाठवतो, चिप आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने त्याचे उत्तर काढून परत पाठवते, आणि उत्तर बरोबर असेल तरच इंजिनाच्या कंट्रोल युनिटला डिझेल-पेट्रोल सोडण्याची परवानगी मिळते. मारुतीच्या गाड्यांत याच व्यवस्थेला आय-कॅट्स हे नाव दिलेले आढळते.

ही विभागणी समजली की निदान सोपे होते. बटणे चालत नाहीत पण गाडी सुरू होते, तर बिघाड सेलमध्ये किंवा सर्किटमध्ये आहे. चावी बदलायची मुळीच गरज नसते. स्टार्टर फिरतो, इंजिन क्षणभर पकडते आणि लगेच बंद पडते, आणि डॅशबोर्डवर चावीचे चिन्ह लुकलुकत राहते, तर गाडीला चिप वाचता येत नाही. जुने आवरण तुटले म्हणून नवे शेल आणून सर्किट त्यात बसवणाऱ्या अनेकांचा घोटाळा इथेच होतो: पाते आले, सर्किट आले, सेल आला, आणि ती दाण्याएवढी चिप जुन्या शेलमध्ये राहून कचऱ्यात गेली. काचेची चिप असेल तर ती स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढू नये, फुटते. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर भिजलेली रिमोटसुद्धा बहुतेक वेळा मेलेली नसते. सेल ताबडतोब काढावा, सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने धुवावे, पूर्ण वाळू द्यावे आणि मगच नवा सेल घालावा.

चावी खरोखरच हरवली आहे असे धरून आता पुढे जाऊ.

तुम्ही परदेशी व्हिडिओ पाहिले असतील, ज्यांत माणूस गाडीत बसून चावी ठराविक वेळा फिरवतो, बटण दाबतो आणि नवी चावी चालू होते. ते खोटे नसतात. युरोपातल्या फोर्डच्या काही जुन्या गाड्यांत इग्निशन सहा सेकंदांच्या आत चार वेळा चालू करून बंद केले की एक ध्वनी येतो आणि त्यानंतरच्या दहा सेकंदांत नव्या रिमोटचे बटण दाबायचे असते. हे झाले रिमोटचे. चिपेसाठी अमेरिकेतल्या फोर्डच्या अनेक गाड्यांत आधीच नोंदलेल्या दोन चाव्या एकामागून एक फिरवून लगेच तिसरी फिरवावी लागते. म्हणजे दोनपैकी एक हरवल्यावर ही पद्धत आपोआप निरुपयोगी ठरते. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत तर इग्निशन चालू ठेवून दहा-दहा मिनिटे असे तीनदा थांबावे लागते, आणि गाडी नवी चिप स्वीकारते.

मग आपल्याकडे हे का चालत नाही? मुख्य कारण गाडीचोरीच्या इतिहासात आहे. युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. त्यानंतर संशोधकांनी एकेका चिपेचे कुलूप मोडून दाखवले: २००५मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डीएसटी, २०१२मध्ये हिटॅग-२. मेगामोस या तिसऱ्या चिपेवरचा शोधनिबंध तर २०१३मध्ये ब्रिटिश न्यायालयाच्या मनाईमुळे अडकला आणि २०१५मध्येच प्रसिद्ध होऊ शकला. या काळात कंपन्यांनी नवी चावी नोंदवण्याची वाटही अधिक अरुंद केली. भारतात रस्त्यावर दिसणाऱ्या मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्रा, होंडा यांच्या बहुतेक गाड्यांत नवी चिप नोंदवण्यासाठी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडी तपासण्याच्या जोडणीला, यंत्र जोडावे लागते, आणि बऱ्याचदा त्या गाडीचा पिन कोड, म्हणजे गुप्त आकडाही लागतो. चावी फिरवण्याच्या कवायती तिथे उपयोगी नाहीत.

एक वर्ग मात्र पूर्णपणे आपल्या हातातला आहे. जुनी गाडी, साधी धातूची चावी आणि नंतर बाजारातून बसवलेले सेंट्रल लॉक असेल, तर त्याचे रिमोट चिपेशी संबंधित नसते. त्या यंत्रणेच्या डब्यावर बहुधा एक शिकण्याचे बटण असते किंवा तिच्या पुस्तिकेत चावी फिरवण्याचा क्रम छापलेला असतो. त्याच कंपनीचे रिमोट आणून हे काम दारातच होते. यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत.

बाकीच्यांनी काम वाटून घ्यावे, असे माझे मत आहे. खरेदी, तपासणी आणि देखरेख आपण करावी. चावी नोंदवण्याचे यंत्र, म्हणजे स्कॅनर, मात्र ज्याच्याजवळ आहे त्या स्कॅनरवाल्याचे वापरावे. एका चावीच्या प्रोग्रामिंगसाठी, म्हणजे ती गाडीत नोंदवण्यासाठी, असे यंत्र विकत घेणे मला पटत नाही. स्वस्तातली नक्कल यंत्रे मध्येच अडकली तर इमोबिलायझरची मेमरी अर्धवट लिहिली जाऊ शकते, आणि मग चालू असलेली चावीही चालेनाशी होते.

खरेदी करताना बाह्य रूपाला भुलू नये. दोन रिमोट अगदी सारखी दिसतात आणि आत एकात ३१५ मेगाहर्ट्झ, दुसऱ्यात ४३३ मेगाहर्ट्झ असते. पहिले अमेरिका-जपानच्या बाजारासाठी बनवलेले असते आणि आपल्या गाडीशी बोलणारच नाही. आपल्या चालू चावीचा पार्ट नंबर, चिपेचा प्रकार आणि पात्याचा घाट हे तिन्ही जुळले पाहिजेत. पात्याच्या कडांना दाते आहेत की मधोमध नागमोडी खाच आहे हे आधी पाहावे, कारण मधल्या खाचेची चावी कापण्याचे यंत्र प्रत्येक चावीवाल्याकडे नसते. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची स्मार्ट की असेल तर दुसऱ्या गाडीवरून काढलेली, वापरलेली की स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. अनेक कंपन्यांच्या स्मार्ट की एकदा एका गाडीला जोडल्या की कुलूपबंद होतात आणि रिसेट केल्याशिवाय दुसरीकडे नोंदवता येत नाहीत. ऑनलाइन विक्रेत्याला किंवा कोणत्याही गटात आपल्या पात्याचे स्वच्छ छायाचित्र पाठवू नये. त्यावरून पाते कापता येते. गाडीचा सतरा अक्षरांचा चेसिस क्रमांकही ज्याच्या दुकानात आपण उभे आहोत त्यालाच दाखवावा.

पाते आधी कापून घ्यावे आणि ते दारात, इग्निशनमध्ये आणि डिकीत विनाअडथळा फिरते याची खात्री झाल्यावरच प्रोग्रामिंगला बसावे.

(गाडीत. ओबीडी सॉकेट जवळून.)

प्रत्यक्ष प्रोग्रामिंग काही मिनिटांचेच असते. त्याआधी गाडीची बॅटरी चांगली चार्ज असल्याची खात्री करावी आणि एसी, दिवे, म्युझिक सिस्टिम बंद ठेवावी, कारण व्होल्टेज मध्येच पडले तर प्रक्रिया तुटते. घरातल्या सर्व चाव्या सोबत न्याव्यात. अनेक गाड्यांत नवी चावी घालताना आधीच्या सगळ्या पुसल्या जातात आणि समोर असतील तेवढ्याच पुन्हा नोंदवल्या जातात. घरी राहिलेली चावी मग फक्त दार उघडते.

स्कॅनरवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी, ती म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी यंत्रावर नोंदलेल्या चाव्यांची संख्या दाखवायला. बऱ्याच गाड्यांत ही संख्या पडद्यावर दिसते. सुरुवातीला दोन असतील, तर काम संपल्यावरही दोनच दिसल्या पाहिजेत: एक तुमची जुनी आणि एक नवी. शेवटी तीन दिसल्या, तर हरवलेली चावी गाडीच्या आठवणीत अजून जिवंत आहे आणि ज्याला ती सापडेल तो गाडी सुरू करून घेऊन जाऊ शकतो. काही जण प्रोग्रामिंगऐवजी क्लोन करून देतात, म्हणजे तुमच्या चालू चावीच्या चिपेची हुबेहूब प्रत दुसऱ्या चिपेवर उतरवतात. ते झटपट आणि स्वस्त असते, पण गाडीला ती नवी चावी वाटतच नाही आणि हरवलेली चावी त्याने रद्द होत नाही. अतिरिक्त चावी हवी असेल तर क्लोन चालेल; हरवलेलीच्या बदल्यात घेताना ती मी घेणार नाही.

चिप रद्द झाली तरी हरवलेले पाते दाराचे कुलूप उघडतच राहते. चावी एकटीच कुठे तरी पडली असेल तर याची फार काळजी करू नये. पण ती आरसीच्या प्रतीसह किंवा पत्ता असलेल्या पाकिटासह हरवली असेल, तर कुलपांचा संच बदलून घ्यावा, खर्च मोठा असला तरी.

दोन्ही चाव्या गेल्या असतील तर हे प्रकरण वेगळे होते. गाडी तिथेच उभी राहते. तंत्रज्ञाला तिथे बोलवावे लागते किंवा गाडी उचलून न्यावी लागते, पाते क्रमांकावरून किंवा कुलूप उघडून वाचून कापावे लागते, आणि पिन कोड नसेल तर काही गाड्यांत इमोबिलायझरचा डबा काढून त्यातली मेमरी चिप वाचावी लागते. काही जुन्या टोयोटा गाड्यांत मास्टर की, म्हणजे नव्या चाव्या नोंदवू शकणारी मुख्य चावी, नाहीशी झाल्यावर कंट्रोल युनिटच रिसेट करावे किंवा बदलावे लागत असे. इथे घरगुती उपाय शोधण्यात वेळ न घालवता अधिकृत सर्व्हिस सेंटरला आरसी, मालकाचे ओळखपत्र आणि चेसिस क्रमांक घेऊन गाठावे. गाडी महाराष्ट्रात नोंदलेली असली तरी त्याच कंपनीचे इंदूरचे केंद्र चावी मागवू शकते. फक्त मालक समोर नसेल तर त्याचे संमतिपत्र लागेल असे धरून चालावे.

आता कागदांचा भाग, जो लोक सोडून देतात. हरवल्याची नोंद मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ऑनलाइन करता येते. त्याची प्रत काढून ठेवावी. विम्यात चावी बदलण्याचे वेगळे कवच घेतले असेल तर खर्चाचा दावा करताना ही नोंद आणि बिल दोन्ही मागितले जातात. साध्या पॉलिसीत हा खर्च मिळत नाही. त्याहून मोठा अडसर पुढे कधी गाडी चोरीला गेली तर येतो. चोरीच्या दाव्यात विमा कंपन्या सहसा गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या जमा करायला सांगतात आणि एकच दिल्यास दुसरी कुठे आहे हे विचारतात. म्हणून पोलिसांकडची नोंद, नव्या चावीचे बिल आणि शक्य असेल तर चाव्यांची संख्या दाखवणारा स्कॅनरच्या पडद्याचा तारखेसह फोटो, हे तिन्ही पॉलिसीच्या कागदांसोबत ठेवावे आणि चावी बदलल्याचे विमा कंपनीला त्याच आठवड्यात लेखी कळवावे.