आजींच्या हातातला तांब्या काढून घेऊ नका

(सांगलीत विश्रामबागेत ज्येष्ठ नागरिकांसमोर एका फिजिओथेरपिस्टनी दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून)

मागं ऐकू येतंय ना? बरं.

मला विषय दिलाय लकवा आणि व्यायाम, पण सगळा लकवा घेऊन बसलो तर तुमची संध्याकाळची चहाची वेळ टळेल, म्हणून मी फक्त हाताबद्दल बोलतो. आपल्याकडं म्हणतात ना, अंगावरनं वारं गेलं, त्यात पाय बऱ्यापैकी सुधारतो, माणूस काठी घेऊन का होईना गणपतीच्या देवळापर्यंत जातो, आणि हात मात्र मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा तसाच. घरची माणसं म्हणतात, चालायला लागले ना, मग झालं. यात मेंदूतली इजा कुठं आणि केवढी याचा भाग मोठा आहेच, पण आणखी एक गोष्ट आहे. उभं राहायचं तर लंगडत का होईना तो पाय टेकावाच लागतो, सुट्टी नाही त्याला. हाताला मात्र बदली कामगार आहे, दुसरा हात! चहा, चष्मा, मोबाईल, सगळं चांगला हात करतो आणि दुखणाईत हात हळूहळू रिटायर होतो.

हे शोधलं कुणी, तर अमेरिकेत एडवर्ड टॉब म्हणून मानसशास्त्रज्ञ. त्यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा कापल्या, हात हलवणाऱ्या नसा शाबूत होत्या, तरी माकडं तो हात वापरेनात. मग चांगला हात बांधून ठेवला, तर तोच 'गेलेला' हात खायला पुढं यायला लागला. (त्यांच्या लॅबमधल्या माकडांच्या हालांवरून 1981 मध्ये अमेरिकेत मोठी केस झाली, ते वेगळं प्रकरण, पण ऐकताना मला आजही बरं वाटत नाही.) मुद्दा असा, की सुरुवातीला प्रयत्न फसतात, आणि फसून फसून मेंदू शिकतो की हा हात वापरायचाच नाही. न वापरणं ही पण शिकलेली सवय असते.

आता आपल्या घरात या. तासगावकडच्या एक आजी माझ्याकडं यायच्या, उजवी बाजू गेलेली. माझ्यासमोर त्या अर्धा भरलेला तांब्या उचलायच्या, हात थरथरायचा, पाणी सांडायचं, पण उचलायच्या. घरी? घरी सहा महिन्यांत एकदाही नाही. सून इतकी चांगली की पाणी तोंडाशी, केस विंचरून, घास भरवून, सगळं हातात. मी म्हटलं, ताई, तांब्या त्यांनाच उचलू द्या. तर त्या बाईंच्या डोळ्यात पाणी, म्हणाल्या, डॉक्टर, पाहुणं आलं तर म्हणतील आजारी सासूला कामाला लावलीय. आता याला काय उत्तर द्यायचं? मला त्या दिवशी सुचलं नाही. पुढच्या वेळी मी आजींच्या लेकाला पण बोलावलं आणि दोघांसमोर आजींनाच विचारलं, तुम्हाला काय करावंसं वाटतं. आजी म्हणाल्या, भाकरी. सहा महिन्यांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, मी पण नाही.

भाकरी थापणं म्हणजे नुसती गंमत नाही हं. पीठ मळताना मनगटावर जोर, थापताना बोटं सरळ, तळवा उघडा, आणि दोन्ही हात एका तालात. लकव्याच्या हाताला मूठ वळायला शिकवावं लागत नाही, ती आपोआपच घट्ट होत जाते, अडतं ते मूठ उघडायला. आणि आपण काय देतो, तर रबरी बॉल, दाबा काका दाबा! ज्यांची बोटं आधीच आखडलीयत त्यांना दिवसभर बॉल दाबायला लावून काय मिळवतो आपण? तसंच दाराला कप्पी बांधून चांगल्या हातानं दुखरा हात वर ओढणं, यानं ढिला झालेला खांदा दुखावतो. आणि उठवताना दुखरा हात धरून ओढू नका, हे तर लिहून भिंतीला लावा. मालिशला माझा विरोध नाही, बरं वाटतं माणसाला, पण मालिश करून घेताना रोग्याचा मेंदू काही करत नाही, करतो तो मालिशवाला. लकव्यावर उपाय म्हणून सांगतात त्या पारव्याच्या मटणाबद्दल विचारू नका, खायचं असेल तर खा, हाताचा त्याच्याशी संबंध नाही.

टॉब यांच्या त्या गोष्टीतून जी थेरपी निघाली तिच्यात चांगल्या हातात जाड मोजा घालतात, जागेपणीचा बहुतेक वेळ, दोन आठवडे, आणि रोज काही तास दुखऱ्या हाताकडून कामं करून घेतात. 2006 मध्ये 222 रुग्णांवरची मोठी चाचणी छापून आली, लकवा होऊन तीन ते नऊ महिने झालेले लोक, आणि फायदा वर्षभरानंतरही टिकलेला. पण थांबा, उद्या सकाळी उठून आजोबांचा हात बांधू नका! ज्याचं मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी वर उचलली जातात त्यालाच ही लागू, आणि तोल जाणाऱ्या माणसाचा चांगला हात अडकवला तर तो पडेल. आधी फिजिओला दाखवा.

हात अजिबात हलत नाही त्याला आरसा. आपले विलयनूर रामचंद्रन यांनी हात कापावा लागलेल्या लोकांना त्या नसलेल्या हातात जाणवणाऱ्या वेदनेसाठी ही युक्ती काढली, मग 1999 पासून लकव्यात वापरायला लागले. टेबलावर मधोमध आरसा उभा करायचा, दुखरा हात मागं, चांगला पुढं, आणि आरशात बघत चांगला हात हलवायचा, डोळ्यांना वाटतं दुखराच हलतोय. खर्च काच दुकानातल्या आरशाचा. रोज अर्धा तास बसायचा मात्र कंटाळा येतो, हे मी आधीच सांगतो.

खरा घोटाळा आकड्यात आहे. 2009 मध्ये अमेरिकेत मोजलं, एका थेरपी सेशनमध्ये हाताची कामाची हालचाल किती वेळा होते, तर सरासरी 32. प्राण्यांच्या प्रयोगात मेंदू बदलायला दिवसाला चारशे-सहाशे लागतात. म्हणजे माझ्याकडं येऊन अर्धा तास करून गेलात आणि घरी हात मांडीवर, तर फी माझी वाढते, हात नाही. आणि नुसता आकडाही नाही बरं का. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना बघितलंय का कुणी? कारागीर तारा टेकतात ती घोडी थोडी घासतो, तार छेडतो, कान देतो, परत थोडी घासतो. प्रत्येक घासण्यानंतर ऐकणं आहे. हाताचंही तसंच, आज पेला अर्धा, उद्या पाऊण, परवा जरा लांब ठेवलेला, फार सोपं झालं की वाढवायचं, फार फसलं की कमी करायचं.

मशीनचं काय, हे मला रोज विचारतात. रोबोट चांगले दिसतात. 2019 मध्ये ब्रिटनमध्ये 770 जणांवर करून बघितलं, रोबोटच्या ट्रेनिंगनं हाताचं काम नेहमीच्या उपचारापेक्षा वाढलं नाही. मानेतल्या व्हेगस नसेला छोटं यंत्र बसवून व्यायामाच्या क्षणी करंट द्यायचा, याला अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळाली, त्याच्या 108 जणांच्या चाचणीत मशीन चालू असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना चांगला फरक पडला, बंद मशीनवाल्यांत साधारण पावपट लोकांना. पण बघा, व्यायाम दोघांनीही तितकाच केला होता, मशीन व्यायामाऐवजी नव्हतं.

आणि माझ्याच विरुद्धचा एक पुरावा सांगतो, नाहीतर अप्रामाणिक होईल. आपल्याच देशात 14 हॉस्पिटलं मिळून 1250 रुग्ण घेतले, त्यातल्या साधारण निम्म्यांच्या घरच्या माणसाला व्यायाम शिकवून घरी पाठवलं, 2017 मध्ये निकाल आला, नेहमीच्यापेक्षा फायदा नाही. म्हणजे घरच्यांवर सोपवलं की झालं, असं नाही. माझं मत असं, की थोडं शिकवून सोडून देणं पुरत नाही, कुणीतरी अधनंमधनं तार छेडून ऐकायला पाहिजे.

(प्रश्न आला, दोन वर्षं झाली असतील तर?) या की. वेग कमी असतो, पहिल्या तीन महिन्यांत जी भरभर सुधारणा होते ती आता नाही होणार, पण ते मोजेवाले प्रयोग पहिल्यांदा जुन्याच रुग्णांवर झाले होते. फक्त येताना रिकाम्या हातानं येऊ नका, माणूस आधी जे काम करायचा त्यातली एखादी वस्तू आणा. हळदीच्या अडतीवरचे एक काका वही आणि बॉलपेन घेऊन आले होते, पेन धरवेना म्हणून आम्ही त्याला सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवली.